शेजाऱ्याच्या पायाखालची माती

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने आपले घर बहुधा सपाट जागेवर बांधले असावे. उताराच्या जागेवर ते बांधावे लागले असते, तर या दोन कसोट्यांना त्याने तिसरीची जोड खचित दिली असती : शेजाऱ्याच्या हद्दीलगतची माती कापून पाहावी!

ही तिसरी कसोटी आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या वाट्याला येण्याजोगी आहे. कोकणातल्या वाड्यांतून, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील गावांतून घरे एकाच्या डोक्यावर एक अशी वसलेली असतात. नोकरीच्या निमित्ताने दूरच्या डोंगराळ प्रांतांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा अनुभव येतो. खालच्याचे छप्पर आणि वरच्याचे अंगण एका पातळीत! या दोहोंमधली माती जागच्या जागी राहावी म्हणून जी भिंत बांधतात, तिला इंजिनियर मंडळी ‘रिटेनिंग वॉल’ म्हणतात. आपण तिला संरक्षक भिंत म्हणतो, हिमाचलात तिला ‘डंगा’ म्हणतात, तर गढवाल-कुमाऊँकडे ‘पुश्ता’. नावे निरनिराळी असली तरी काम एकच, आणि ते चुकले तर होणारा अनर्थही एकच.

दोन दिवसांचा प्रश्न

आपण असे समजू या, की तुमचे घर उताराच्या खालच्या अंगाला आहे. मागच्या बाजूस, तुमच्या जमिनीपेक्षा तीन मीटर उंचावर, एका निवृत्त शिक्षकांचे घर आहे. त्यांची भिंत हद्दीपासून दोन मीटर आत आहे. हद्दीपासून तुमच्याकडे माती उतरत येते आणि तुमच्या जागेतले चार-पाच मीटर अडवून बसते. ही माती काढली, तर एक खोली वाढवता येईल, गाडी ठेवता येईल. जमीन तुमची, माती तुमची. मग अडचण कोणती?

काँट्रॅक्टर म्हणतो, “साहेब, यंत्र लावले की दोन दिवसांत माती मोकळी करून देतो. मग आरामात भिंत उभी करू.”

वाचकहो, हा लेख त्या ‘दोन दिवसां’विषयी आणि त्यानंतरच्या ‘आरामा’विषयी आहे. कारण माती निघाली आहे आणि भिंत उभी राहिलेली नाही, या मधल्या काळात वरचे घर कोणाच्या आधारावर उभे असते, हा प्रश्न काँट्रॅक्टरने विचारलेला नाही. तो तुम्ही विचारावयास हवा.

माती काय काम करीत असते?

घराचा पाया म्हणजे जमिनीत रोवलेला खुंटा नव्हे. तो आपला भार खालच्या मातीवर टाकतो, आणि माती तो भार केवळ सरळ खाली न नेता दोन्ही अंगांना पसरवीत नेते. पायाच्या तळापासून एखादा अदृश्य घागरा खाली फैलावत जावा, तसे हे असते. त्या घेरातली माती दिसावयास रिकामी असली, तरी प्रत्यक्षात ती घर पेलण्याच्या कामात गुंतलेली असते. हद्दीची रेघ आपण जमिनीच्या पाठीवर ओढतो. भार मात्र ती रेघ ओळखत नाही. शिक्षकांच्या घराला आधार देणारी काही माती अशा रीतीने तुमच्या मालकीच्या जागेत आहे.

हा घेर कोठवर जातो हे मातीच्या जातीवर अवलंबून असते. तथापि एक इशाऱ्याची रेघ प्रत्येक गृहस्थाला ओढता येईल. शेजारशेजारचे पाये वेगवेगळ्या पातळीवर असतील, तर त्यांना जोडणारी रेघ दोन आडवे व एक उभे या प्रमाणापेक्षा अधिक चढी नसावी, असा दंडक पायांविषयीच्या भारतीय मानकात घालून दिलेला आहे. तो आपल्या उदाहरणास लावून पाहू. शिक्षकांच्या घराचा पाया त्यांच्या जमिनीखाली एक मीटर आहे. तुमच्या भिंतीचा पाया तुमच्या जमिनीखाली एक मीटर जाईल, म्हणजे त्यांच्या जमिनीपासून चार मीटर. दोन तळांतील अंतर झाले तीन मीटर. या दंडकाप्रमाणे दोहोंमध्ये आडवे अंतर सहा मीटर हवे. आणि आहे केवळ दोन मीटर!

याचा अर्थ भिंत बांधताच येणार नाही, असा नव्हे. अर्थ एवढाच, की हे काम आता गवंड्याच्या अंदाजावर सोडण्याजोगे राहिले नाही. बांधकामाच्या आराखड्याची आणि मातीची जाण असलेल्या इंजिनियरने जागा पाहून, गणित करून, कागदावर नकाशा दिल्यावाचून कुदळ लावू नये. त्याचा मोबदला खर्चाच्या यादीत प्रथम लिहावा.

पाण्याचे ओझे

माती भिंतीला किती जोराने ढकलते? फ्रान्सचा लष्करी इंजिनियर कुलाँ याने १७७६ साली आणि स्कॉटलंडच्या रँकिनने १८५७ साली या प्रश्नाची जी उत्तरे दिली, त्यांच्याच आधारे आजही हे गणित मांडले जाते. साधारण रेताड, कोरडी माती असेल, तर तीन मीटर उंचीच्या भिंतीवर दर मीटर लांबीस सुमारे २,७०० किलोग्रॅम इतका आडवा रेटा येतो. वरच्या जमिनीवर दर चौरस मीटरला एक टन भार सरसकट असला, तर त्यात आणखी सुमारे एक टनाची भर पडते.

पण खरा शत्रू वेगळाच आहे. पावसाचे पाणी मातीत मुरले, भिंतीमागे साचले आणि त्यास बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, तर हाच २,७०० किलोग्रॅमचा रेटा सुमारे ६,००० किलोग्रॅमवर जातो. कारण साचलेले पाणी मातीसारखे स्वतःस सावरून धरीत नाही. ते आपल्या संपूर्ण वजनानिशी भिंतीवर रेलते. उन्हाळ्यात खडकासारखी वाटलेली भिंत श्रावणात झुकते, ती याच कारणाने.

म्हणून संरक्षक भिंत ही पाणी अडविण्यासाठी नसून माती अडवून पाणी सोडून देण्यासाठी आहे, हे मनावर बिंबवून घ्यावे. भिंतीच्या पाठीशी निदान एक वीत जाडीचा खडीचा थर असावा; मातीचे बारीक कण खडीत शिरून वाट बुजवू नयेत म्हणून त्यावर गाळणीचे कापड घालावे. भिंतीत दर दीड-दोन मीटरवर, एकाखाली एक न येता आडून आडून, बाहेरच्या अंगास किंचित उतरती छिद्रे ठेवावीत. तळाशी पाणी वाहून नेणारी नळी असावी. वरच्या काठाला पक्का पन्हळ असावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी भिंतीमागे मुरणार नाही. भरावासाठी मुरूम किंवा खडीमिश्रित माती वापरावी. काळी माती कदापि वापरू नये. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, आणि फुगताना भिंतीला ढकलते. शेवटी, हे सारे पाणी गटारापर्यंत पोचते की नाही हे पाहावे. नाही तर आपल्या वरच्या शेजाऱ्याची काळजी घेता घेता आपण खालच्या शेजाऱ्याच्या दारात ओढा सोडायचो!

कोकणातील वाचकांसाठी एक शब्द अधिक. जांभ्याची कापलेली दरड कोरड्या दिवसांत सरळ भिंतीसारखी उभी राहते, आणि पाहणाऱ्यास वाटते, हिला भिंतीची गरजच काय? परंतु जांभ्याच्या कठीण थराखाली पुष्कळदा मऊ चिकणमातीचा थर असतो. पाणी त्या थरापर्यंत उतरले, की वरचा कठीण थर निराधार होतो. वरून कठीण दिसणारी दरड आतून कशी आहे, हे पाहिल्यावाचून तिच्यावर विसंबू नये.

भिंतीची टाच कोणाच्या जमिनीत?

भिंत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तिची उंची आणि जाडी येते. पण संरक्षक भिंत उभी राहते ती तिच्या तळव्यावर. सिमेंट-काँक्रीटच्या तीन मीटर उंच भिंतीस साधारणतः दीड ते दोन मीटर रुंदीचा तळवा लागतो. नेहमीच्या पद्धतीत त्याचा मोठा भाग, म्हणजे ‘टाच’, मागच्या मातीखाली जातो. त्या मातीचेच वजन टाचेवर पडून भिंत स्थिर राहते. मोकळ्या जागेत ही युक्ती उत्तम आहे. हद्दीवर मात्र तिचा अर्थ असा होतो, की टाच शेजाऱ्याच्या जमिनीत शिरणार आणि ती घालण्यासाठी नेमकी त्याच्या पायाजवळचीच माती उकरावी लागणार.

तेव्हा नकाशा हाती येताच इंजिनियरला पहिला प्रश्न हा विचारावा, “तळवा कोणाच्या जागेत आहे?” हद्दीलगत तळवा आपल्याच बाजूस पसरणारी भिंत, अथवा केवळ स्वतःच्या वजनावर उभी राहणारी दगडी भिंत योजता येते. तीत आपली जागा जाते हे खरे. जी जागा मिळविण्यासाठी हा खटाटोप, तीच थोडी सोडावी लागते. पण संरक्षक भिंतीची खरी किंमत सिमेंटच्या पोत्यांत नसून या सोडलेल्या जागेत आहे.

येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. कुंपणाची भिंत आणि संरक्षक भिंत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कुंपणाची भिंत वारा आणि गुरे-ढोरे अडविण्यापुरती असते. तिच्या एका अंगाला भराव टाकून अंगण सपाट करून घेतले, की आपण नकळत तिच्यावर भलतेच ओझे लादतो. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यातील कोंढवा येथे मुसळधार पावसात एका वसाहतीची कुंपणभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि लहान मुलांसह १५ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या पहाटे तमिळनाडूत मेट्टुपाळयमजवळ सुमारे वीस फूट उंचीची भिंत पावसात खालच्या घरांवर पडून १७ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही ठिकाणी माणसे झोपेत होती. भिंतीच्या पलीकडे काय चालले आहे, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.

एकआड एक

आता त्या ‘दोन दिवसां’कडे वळू. शेजाऱ्याच्या पायाजवळची माती एका दमात, सलग लांबीत कधीही कापू नये. जुन्या गवंड्यांना ठाऊक असलेली आणि आजचे इंजिनियरही सांगतात ती पद्धत अशी : भिंतीच्या लांबीचे सुमारे एक-एक मीटरचे भाग पाडावेत. पहिला भाग खोदावा, दुसरा व तिसरा तसाच राहू द्यावा, मग चौथा खोदावा. खोदलेल्या भागात भिंत बांधून, ती पक्की होऊन, तिच्यामागे थराथराने भराव धुमसून झाल्यावरच मधल्या भागास हात लावावा. त्यायोगे कोणत्याही क्षणी बहुतेक माती आपल्या जागी राहते, आणि मोकळ्या भागावरचा भार दोन्ही बाजूंची माती तेवढ्यापुरता सावरून धरते. दातांच्या वैद्याने सारे दात एकदम न काढता एकेक काढावा, तसेच हे आहे.

या कामाचे दिवस दिवाळीनंतरचे. मृग तोंडावर आला असताना दरड उघडी करणे म्हणजे संकटाला अक्षत देऊन बोलावणे होय. दीड मीटरपेक्षा खोल चरात फळ्या आणि धिरे लावल्याखेरीज मजुरास उतरवू नये. ढासळलेल्या मातीखाली सापडलेल्या माणसाला बाहेर काढण्यास मिनिटेच हाती असतात. काढलेल्या मातीचा ढीग चराच्या काठावर करू नये. तो निदान दीड मीटर दूर असावा. यंत्राचे हादरे जुन्या दगडमातीच्या भिंतीस सोसत नाहीत, म्हणून हद्दीजवळचे खोदकाम हातानेच करावे.

कायदा काय म्हणतो?

“माझ्या जमिनीत मी काहीही करीन,” हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे मत तसे नाही. लगतच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क प्रत्येक जमिनीस, तिच्या नैसर्गिक स्थितीत, मुळातच आहे, असे त्याचे सातवे कलम मानते. घर बांधल्याने जमिनीवर जो कृत्रिम भार येतो, त्याच्या आधाराचा हक्क मात्र आपोआप मिळत नाही. परंतु असा आधार शांतपणे, अखंड आणि हक्काच्या नात्याने वीस वर्षे लाभला असेल, तर पंधराव्या कलमान्वये तो हक्क पक्का होतो. हा अधिनियम सर्व राज्यांत सारखा लागू नाही, आणि ग्रामपंचायत वा नगरपालिकेचे बांधकामाचे नियम निराळे असतात. म्हणून परवानगी आणि वकिलाचा सल्ला ज्याने त्याने आपल्या ठिकाणी घ्यावा.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आधार काढून घेतल्याबद्दलची नुकसानभरपाई प्रत्यक्ष, ठोस हानी झाल्यावरच मागता येते, असे याच अधिनियमाचे चौतिसावे कलम सांगते. म्हणजे भरपाईची वेळ येते ती घराला तडा गेल्यावर. तडा जाण्यापूर्वीचे काम शेजारधर्मानेच करावयाचे आहे.

आधी भेट, मग कुदळ

म्हणून सर्वांत पहिली पायरी शेवटी सांगतो. एका संध्याकाळी वरच्या घरी जा.

“काका, पावसाळ्यानंतर मागची माती काढून भिंत घालण्याचा विचार आहे. तुमच्या घराचा पाया किती खोल आहे, ते समजून घ्यावे म्हणून आलो.”

काका चष्मा पुसून सांगतील, “पाया असेल साडेतीन फूट. पण आमचा शोषखड्डा तुमच्याच अंगाला आहे, हे तुम्हाला ठाऊक नसेल.”

पाहा, हे एक वाक्य कोणत्याही नकाशात सापडले नसते! शोषखड्ड्याचे पाणी बारा महिने त्या मातीत मुरत असते; भिंतीमागे उन्हाळ्यातही ओल राहणार. आता इंजिनियर आपले गणित बदलील, आणि खड्डा दुसऱ्या अंगास हलविण्याचा खर्च कोणी किती सोसावा, हे दोन्ही घरे चहाच्या कपावर ठरवतील. हेच वाक्य खोदकाम झाल्यावर कानी आले असते, तर ते कोर्टाच्या कागदावर आले असते.

त्याच भेटीत काकांच्या घराभोवती दोघांनी मिळून फिरावे. ज्या भेगा आधीपासून आहेत त्यांची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत, तारखेसह टिपण करून दोघांनी सही करावी. मोठ्या भेगेवर काचेची एक अरुंद पट्टी दोन्ही टोकांस सिमेंटने चिकटवून ठेवावी. भेग जरा हलली, की काच तडकते. डोळ्यांस न दिसणारी हालचाल ती दाखवून देते. काम चालू असेतोवर दररोज सकाळी ती काच पाहण्याचे काम काकांकडेच सोपवावे. काच तडकली, दरवाजा अडकू लागला, फरशी खचली, की खोदकाम तत्काळ थांबवावे, उघडा भाग मातीने परत भरून घ्यावा आणि इंजिनियरला बोलवावे. शेजाऱ्याच्या जमिनीखाली सळया घालणे किंवा त्याच्या पायाखाली नवा आधार बांधणे आवश्यक ठरले, तर ते त्याच्या लेखी संमतीवाचून करू नये.

आणि या साऱ्याचा विचार झाल्यावर एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. चार-पाच मीटरची सारीच जागा हवी आहे काय? भिंतीची उंची निम्मी केली, तर मातीचा रेटा निम्मा होत नाही, चौथाई होतो : तीन मीटरला जेथे २,७००, तेथे दीड मीटरला सुमारे ६७५ किलोग्रॅम. हद्दीपासून दोन-अडीच मीटर माती जशीच्या तशी उताराने राहू देऊन अलीकडे कमी उंचीची भिंत घातली, तर खर्च उतरतो, धोका उतरतो आणि काकांच्या पायाखालची माती पुष्कळशी जागच्या जागी राहते. गाडीपुरती जागाही बहुधा निघते. राहिलेल्या उतारावर गवताची मुळे माती धरून ठेवतील. एखादी अबोलीची, एखादी गवती चहाची रांग तेथे लावता येईल.

मग पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री तुम्ही अंथरुणात पडल्या पडल्या कान द्याल, तेव्हा भिंतीच्या छिद्रांतून पाणी संथपणे गळत असल्याचा आवाज येईल. तो ऐकून निश्चिंत झोपावे. वरच्या घरी काकाही झोपलेले असतील.